ब्रिटनमधली साधी माणसं राजकारणावर आपल्यासारखीच भांडतात का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात मास्टर्स करायला इंग्लंडला निघालात. तिथली माणसं राजकारणावर बोलतात की तोंडाला कुलूप लावून बसतात, आणि परक्या माणसाने त्यात तोंड घालावं का, असं तुम्हाला विचारायचंय.

बोलतात. भांडतातही. फक्त सुरुवात वेगळीकडून होते.

मी मूळची मिरजेची. २०१४ पासून लंडनच्या पश्चिम टोकाला, अक्सब्रिजजवळ राहते. आपल्याकडे चहाच्या गाडीवर माणूस टेकला की दुसऱ्या घोटाला त्याचा पक्ष कळतो. इथे दहा-दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या शेजाऱ्याचं मत कुणाला जातं ते कळत नाही. ते विचारणं म्हणजे पगार विचारण्यासारखं. पण कचऱ्याचा डबा या आठवड्यात उचलला का, एवढंच विचारून बघा. 'मस्टन्ट ग्रंबल', म्हणजे कुरकुर करू नये, असं म्हणून माणूस जो सुरू होतो तो पाऊण तास थांबत नाही. डब्यावरून कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा), त्यावरून रस्त्यातले खड्डे, खड्ड्यांवरून सरकार. पक्षाचं नाव न घेता पक्ष कळतो.

माझं राजकारणाचं शिक्षण झालं अलॉटमेंटवर. कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्याने देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. जुन्या मापाने पूर्ण तुकडा दहा पोलांचा, म्हणजे आपला अडीच गुंठ्यांचा. यादीत नाव घालून वाट बघावी लागते. माझी पाळी २०१६ च्या मार्चमध्ये आली आणि अर्धा तुकडा मिळाला. सव्वा गुंठ्यात मेथी, मुळे आणि नशीब असेल तर मिरच्या. रविवारी अकराच्या सुमाराला शेडमध्ये किटली चढते आणि मंडळी जमतात. एक निवृत्त बसड्रायव्हर, ऐंशीच्या घरातले. त्यांना मी मनातल्या मनात तात्या म्हणते. एक पोलिश प्लंबर. एक नर्सबाई, लहानपणी जमैकाहून आलेल्या, त्याही आता निवृत्त. आणि मी.

पहिल्याच उन्हाळ्यात ब्रेक्झिटचं सार्वमत आलं, २३ जून २०१६. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी तुम्हालाही उपयोगी पडेल. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीर व्हिसावर राहत असेल तर त्याला मत देता येतं, पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. तुम्ही विद्यार्थी असलात तरी. म्हणजे मी येऊन दोन वर्षं झालेली, भारतीय पासपोर्टवाली, या देशाने युरोपीय संघात राहावं की नाही हे ठरवणार. आणि प्लंबर, जो २००५ पासून इथे कर भरतोय, ज्याची दोन्ही मुलं इथे जन्मली, त्याला त्या सार्वमतात मत नाही, कारण तो युरोपचा. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो काही बोलला नाही, टोमॅटोच्या रोपांचे फुटवे खुडत राहिला. देशभरात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं. लंडन एकूण राहण्याच्या बाजूचं, पण ज्या पाच बरोंनी, म्हणजे पालिका विभागांनी, बाहेर पडायला कौल दिला त्यात आमचं हिलिंग्डन होतं. पुढच्या रविवारी तात्यांनी स्वतःहून त्याला सांगितलं की मी बाहेर पडायलाच मत दिलं, पण ते तुझ्याविरुद्ध नव्हतं हं. तो म्हणाला, ठीक आहे. मग त्याने किटली भरली. ते 'ठीक आहे' खरं होतं की नाही, हे मला अजून सांगता येणार नाही.

पण खरा कडाक्याचा वाद झाला तो २०२३ मध्ये, आणि तो झाला व्हॅनवरून.

लंडनचे लेबर पक्षाचे महापौर सादिक खान यांनी उलेझ, म्हणजे जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचा आकार, २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर लागू करायचं ठरवलं. ठरलेल्या दर्जात न बसणारी गाडी ज्या दिवशी रस्त्यावर काढाल त्या दिवशी साडेबारा पौंड. सुटी फक्त ख्रिसमसची. डिझेल गाडी साधारण २०१५ च्या आधीची असेल तर बहुतेक गेलीच. प्लंबरची व्हॅन २०११ ची. आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे पंच्याहत्तर पौंड. तो हाताच्या बोटांवर मोजत म्हणाला, "मी बॉयलर खांद्यावर टाकून बसने जाऊ का?"

नर्सबाई सहसा गप्प असतात. त्या दिवशी कप खाली ठेवून म्हणाल्या की दक्षिण लंडनच्या लुईशममधली नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली, आणि २०२० मध्ये कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. तुझी व्हॅन महाग पडते हे खरं, पण तिचा हिशेब कुणी करायचा? शेडमध्ये किटलीचा आवाज तेवढा राहिला. तात्यांनी मग आपला पत्ता टाकला: उलेझची कल्पना मुळात बोरिस जॉन्सन महापौर असतानाची, २०१५ मधली, मध्य लंडनपुरती. आणि आता त्यांचाच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष त्याविरुद्ध गळा काढतोय. यावर सगळे हसले, प्लंबरसकट. पण पंच्याहत्तर पौंड तिथेच होते.

आणि हे बोरिस तेव्हा आमचेच खासदार. जून २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, २० जुलैला पोटनिवडणूक लागली. आमच्या मतपत्रिकेवर काउंट बिनफेस नावाचे गृहस्थही होते. ते डोक्यावर कचऱ्याचा डबा घालून फिरतात आणि क्रोसाँची किंमत बांधून देऊ म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं थट्टा चाललीय. थट्टाच आहे, पण पाचशे पौंड अनामत भरून केलेली.

मत द्यायला आता ओळखपत्र लागतं, ते इंग्लंडमध्ये त्याच वर्षी सुरू झालं. मी भारतीय पासपोर्ट दाखवला, कॉमनवेल्थचा म्हणून चालतो. टेबलामागच्या बाईंनी अशोकस्तंभाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि मतपत्रिका दिली. तात्यांनी म्हाताऱ्यांचा बसपास दाखवला. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास चालत नव्हता, म्हाताऱ्यांचा चालत होता, आणि यावरही एक रविवार गेला. बोटाला शाई नाही, बटण नाही. दोरीने बांधलेली पेन्सिल आणि फुली. तात्या स्वतःचं बॉलपेन घेऊन जातात. पेन्सिल खोडता येते, म्हणतात.

त्याच दिवशी यॉर्कशरमधल्या सेल्बीत लेबरने वीस हजारांचं मताधिक्य उलटवलं. अक्सब्रिज मात्र लेबर ४९५ मतांनी हरली. मी म्हटलं, सेल्बीत उलेझ नाही. आमच्यात तेवढ्याने विश्लेषण संपलं, टीव्हीवर आठवडाभर चाललं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बोलावं का? बोला, पण एका गोष्टीची तयारी ठेवा. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला, मारेकरी बाहेरून आलेला अशी खोटी अफवा उठली, आणि ठिकठिकाणी दंगली झाल्या. त्या रविवारी तात्या म्हणाले, बाहेरून फार माणसं येताहेत. आणि माझ्याकडे वळून, "नॉट यू, लव्ह." (लव्ह इथे दुकानदारही म्हणतो, त्यात काही नाही.) ते प्रेमाने म्हणाले, आणि तेच लागलं. मी नाही तर कोण? इथे नोकरीला आलेला माझा भाचा? मी चिडले नाही, आकडे काढले. जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात या देशात जाणारे वजा करून नऊ लाखांवर माणसं वाढली, हे त्यांचं बरोबर होतं. पण टीव्हीवर दिसतात त्या छोट्या बोटींतून २०२३ मध्ये आले साधारण एकोणतीस हजार. बाकीचे बहुतेक सरकारनेच व्हिसा देऊन बोलावलेले, शिकायला, कामाला. भाच्याने तीन वर्षांच्या व्हिसाबरोबर सरकारी दवाखान्याचा आकार म्हणून ३,१०५ पौंड आगाऊ भरले, आणि ते दवाखाने ज्या करावर चालतात तो पगारातून कापला जातो तो वेगळा. तात्या चमकले. "दोनदा?" हो, दोनदा. तुम्हा विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड पडतात, ते तुम्ही भरलेच असतील. यानंतर तात्यांचं मत बदललं असं नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी तो आकडा दुसऱ्या कुणाला तरी ऐकवला, माझ्यासमोर, स्वतःचाच शोध असल्यासारखा.

म्हणून सांगते, इथे मोठ्या आवाजाने काम होत नाही. "तुमचं चुकतंय" म्हणालात की समोरचा हवामानावर येतो, आणि मग संपलं. एखादी पावती किंवा बिल दाखवलंत की ऐकतात. आणि पोचल्या पोचल्या मतदारयादीत नाव घाला. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. नंतर मोबाइलचं किंवा बँकेचं क्रेडिट तपासतात तेव्हाही ते नाव उपयोगी पडतं.

प्लंबर दरम्यान ब्रिटिश नागरिक झाला. ४ जुलै २०२४ ला त्याने आयुष्यात पहिल्यांदा इथल्या पार्लमेंटसाठी मत दिलं. तात्यांनी आपलं बॉलपेन देऊ केलं होतं, पण तो कानावर खोचलेली स्वतःचीच पेन्सिल घेऊन गेला. मत कुणाला दिलं, हे कुणीही विचारलं नाही. व्हॅन आता नवी आहे, विजेवर चालते, आणि हल्ली त्याची कुरकुर चार्जिंगच्या दरावरून असते.