समला कुत्रा न्यायचाय? न्या, पण सकाळी आणि दोरीवर

तुम्ही डिसेंबरअखेर पुण्याहून गाडीने जैसलमेरला निघालाय, बरोबर चार वर्षांचा, तीस किलोचा लॅब्रॅडोर आहे. ३१ तारखेला जैसलमेरजवळच्या सम या गावातल्या कॅम्पात मुक्काम आणि वाळूच्या टेकड्यांवर त्याला मोकळं सोडून दोन-तीन तास भटकायचं असा बेत आहे. त्याला बूट घ्यावेत का आणि पाणी किती न्यावं, हे विचारलंयत. बुटांचं नंतर बघू. आधी ते ‘मोकळं सोडून’ बेतातून काढून टाका.

पहिलं कारण जीपचं. समला पर्यटकांना जीपमध्ये बसवून टेकड्यांवरून उधळतात. टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे ते चढणाऱ्या ड्रायव्हरला दिसत नाही, आणि कुत्रा नेमका उताराकडच्या मऊ वाळूत लोळत असतो. दुसरं कारण उंटांचं. पर्यटकांना फिरवणारे उंट गर्दीला सरावलेले असले तरी मागून भुंकत आलेल्या कुत्र्याला लाथ बसायला वेळ लागत नाही. शिवाय कॅम्पांच्या उष्ट्यावर जगणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, त्यांची आपापली हद्द असते आणि तुमचा गुबगुबीत पाहुणा त्यांना चालणार नाही. रेबीजची लस ताजी हवी, कागद गाडीत हवा.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. सम काय किंवा जैसलमेरजवळचं दुसरं वाळूचं गाव खुडी काय, या भागात डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द येते. १९८० साली राखलेलं, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र. माळढोक पक्षी उरलाय तो मुख्यतः इथे. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तिथे आता तो दिसला तर बातमी होते. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे मोकाट कुत्री हा या पक्ष्याचा मोठा शत्रू आहे. डिसेंबर हा विणीचा हंगाम नव्हे, कबूल, पण माळढोक नाही तर चिंकारा हरीण दिसेल, आणि चिंकारा पळाला की तुमचा गुणी लॅब्रॅडोरसुद्धा हाक ऐकणार नाही. सुदासरीसारख्या राखीव, कुंपणाच्या भागाकडे कुत्रा घेऊन फिरकूच नका. बाकी ठिकाणीही पाऊल टाकण्याआधी गावात विचारा.

दोरी मात्र लांब घ्या, पाच मीटरची साधी सुती. गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला बांधा. बटण दाबून लांबणारे पट्टे वाळूत नेऊ नका, आत रेती गेली की चक्र अडकतं.

आता वेळ. त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. उजाडताच चढायला लागा आणि नऊ-साडेनऊपर्यंत परत या. दुपारी हवा २४-२५ अंश असते, माणसाला गुलाबी थंडी वाटते, पण उन्हातली वाळू हवेपेक्षा बरीच तापते आणि कुत्र्याचं पोट तिच्यापासून वीतभर उंचीवर असतं. हाताची मागची बाजू सात सेकंद वाळूवर टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नका. आणि दोन-तीन तास फार झाले. सैल वाळूत एक तास म्हणजे सिंहगडाच्या वाटेवरचे दोन समजा.

चढताना वाऱ्याकडची बाजू धरा. तिथले मोठे वारे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून साधारण त्या अंगाचा उतार लांब, मंद आणि दाबलेला असतो. पलीकडचा उतार तीस अंशांहून तीव्र आणि पूर्ण सुटा. तिथून उतरायला मजा येते, चढायला गेलात तर कुत्रा छातीपर्यंत रुततो आणि दहा मिनिटांत दमून जातो.

दमला हे कळणार कसं? लॅब्रॅडोर स्वतःहून थांबत नाही, तेव्हा जिभेकडे बघा. धापेने जीभ लांब येते ते ठीक. पण तिचं टोक रुंद, पळीसारखं पसरलं, कडा वर वळल्या आणि लाळ चिकट, तारेची झाली की तिथेच बसा. दुसरी खूण म्हणजे तो पुढच्या पायांनी खड्डा उकरून त्यात पोट टेकवतो. वितीभर खालची वाळू गार असते, हे त्याला बरोबर कळतं. त्याला ओढू नका, पडू द्या. तरीही धाप कमी होत नसेल, हिरड्या लालबुंद झाल्या, चाल लडखडली, तर पोटावर, काखांत, पंज्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि गाडी काढा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

पाणी त्या फेरीपुरतं त्याच्यासाठी दीड लिटर पुरे, तुमचं वेगळं. दर पंधरा मिनिटांनी थोडंथोडं पाजा, भांडंभर एकदम दिलं तर ओकेल. चेंडू हॉटेलवरच ठेवा. ओल्या तोंडाने वाळूतला चेंडू उचलताना मूठमूठ रेती पोटात जाते आणि आतड्यात तुंबली तर थेट शस्त्रक्रिया.

बूट? सकाळच्या वेळी नकोत. आत वाळू जाते आणि चामडी सोलते. खरा त्रास भुरटाचा आहे. हे तिथलं गवत, त्याची मुगाएवढी काटेरी बोंडं टेकड्यांच्या पायथ्याला, झुडपांच्या आसपास पडलेली असतात. कुत्रा अचानक तीन पायांवर उभा राहतो, पंजा चावून काढायला जातो आणि तेच बोंड ओठात, जिभेत रुततं. त्याने तोंड लावायच्या आत तुम्ही पंजा धरा. निघण्याआधी बोटांमधले केस बारीक कापून घ्या, खिशात चिमटा आणि बारीक दातांची फणी ठेवा, आणि झुडपं टाळून उघड्या वाळूवरून चाला. झुडपांच्या बुंध्याशी फुरसं हा विषारी सापही असतो. थंडीत तो सुस्त, पण दुपारी उन्हाला येतो.

परतल्यावर कानामागे, बोटांमध्ये, शेपटीखाली गोचीड तपासा. उंट-शेळ्यांच्या वाटेवर ते हमखास मिळतात. गोचिडाचं औषध निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आणि ३१ ची रात्र समला काढू नका. डीजे आणि फटाके मध्यरात्रीपर्यंत चालतात. घाबरून दोरी तोडून पळालेला कुत्रा अंधारात त्या वाळूत शोधणार कुठे? ती रात्र खुडीला काढा, जैसलमेरपासून तेवढीच पाऊण-एक तासाची वाट आहे आणि गर्दी बरीच कमी. ‘पेट चालतो’ एवढ्यावर फोन ठेवू नका. कुत्रा खोलीत झोपेल की बाहेर बांधायला सांगाल, त्यांची स्वतःची कुत्री आहेत का, ३१ ला गाणी कितीपर्यंत, हे तिन्ही विचारून मगच ॲडव्हान्स भरा.