गच्चीवर भाज्यांसाठी स्वतःच पाणी ओढणारी कुंडी घरी कमी खर्चात कशी तयार करावी?

आपण बाजारातल्या तयार कुंड्यांची किंमत पाहून हा प्रश्न विचारला आहे, असे दिसते. मी पुण्यात गच्चीवर रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या बादल्यांमध्ये वांगी, टोमॅटो आणि मिरची लावतो. बादली भंगारवाल्याकडे किंवा रंगकाम चालू असलेल्या इमारतीत सहज मिळते. मात्र ती पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची असावी आणि आतला रंग खरवडून, धुऊन काढावा. तेलरंगाची किंवा रसायनाची बादली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

या कुंडीचे तत्त्व समईच्या वातीचे आहे. वात जसे तेल वर ओढते, तशी खालच्या साठ्यात बुडालेली माती केशाकर्षणाने पाणी वर ओढते आणि झाड जेवढे पाणी वापरेल तेवढेच वर चढत राहते. बादलीच्या झाकणातून एक गोल चकती कापावी, तिला सगळीकडे बारीक भोके पाडावीत आणि पीव्हीसी पाइपाच्या 10 सेंटीमीटर उंचीच्या तीन-चार तुकड्यांवर ती बादलीत आडवी बसवावी. चकतीच्या मध्यभागी दह्याचा प्लास्टिकचा डबा मावेल एवढे भोक ठेवून, सर्व बाजूंनी छिद्रे पाडलेला तो डबा तळाला टेकेल असा त्यात उतरवावा. हीच आपली वात. साठ्यात पाणी भरण्यासाठी एका कडेने चकतीतून इंचभर व्यासाचा पाइप तळापर्यंत घालावा. त्याचे खालचे टोक तिरके कापावे, नाहीतर ते तळाला चिकटून बसते आणि पाणी आत जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे भोक. धरणाला सांडवा असतो तसे बादलीच्या बाजूला, चकतीच्या सुमारे एक सेंटीमीटर खाली, तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावे. जास्तीचे पाणी तिथून बाहेर पडते, आणि पाणी व चकती यांच्यामध्ये हवेची जी पोकळी राहते तिच्यामुळे मुळे गुदमरत नाहीत. पावसाळ्यात हे भोक नसेल तर झाड आठवडाभरात जाते.

माझी पहिली बादली मात्र सांडवा असूनही फसली, कारण मी तीत बागेतली काळी माती भरली होती. दीड महिन्यात टोमॅटोची पाने पिवळी पडली. रोप उपटले तेव्हा मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता. चिकण माती पाणी ओढते खरी, पण सोडत नाही आणि हवेला जागाही ठेवत नाही. तेव्हापासून मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा असे मिश्रण वापरतो. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असते, म्हणून ते दोनदा धुऊन घ्यावे. डब्यातले मिश्रण आधी ओले करून बोटांनी घट्ट दाबावे. तिथे पोकळी राहिली तर पाणी वर चढत नाही. सुती चिंधीची वातही मी करून पाहिली होती, पण ती दोन महिन्यांत कुजली.

रोप लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पाणी वरूनच घालावे, कारण मुळे खोलवर गेलेली नसतात. या बादलीत चार-साडेचार लिटर पाणी मावते. फळांनी लगडलेला टोमॅटो एप्रिलच्या उन्हात ते दोन-तीन दिवसांत संपवतो, त्यामुळे महिनाभर गावाला जाता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. एका बादलीत टोमॅटोचे किंवा वांग्याचे एकच झाड लावावे. मेथी-कोथिंबिरीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही, त्या उथळ ट्रेमध्येही येतात.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, म्हणून सांडव्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवावा आणि पाइपाच्या तोंडाला बूच लावावे. हे टाळू नये. खत व पाणी यांतले क्षार वरच्या थरात साचून पांढरी पापडी दिसू लागली, की एकदा वरून भरपूर पाणी ओतून ते सांडव्यातून वाहू द्यावे. साठा किती उरला हे पाहण्यासाठी मी थर्माकोलच्या तुकड्यात उदबत्तीची जुनी काडी खोचून ती पाइपात सोडतो. काडी पाइपात खाली गेली, की पाणी घालायचे.