पक्षी मोजले कुणी?

प्रश्न : ताई, देशातले 60 टक्के पक्षी कमी झाले, अशी बातमी वाचली. हौशी लोकांनी मोबाइलवर भरलेल्या नोंदींवरून म्हणे हे काढलं. गेल्या जानेवारीत गावच्या तलावावर मी वारकरी (ते काळे पाणपक्षी) मोजले, 340 भरले. शेजारी उभ्या भाच्याचे 500. मामा-भाच्याचंच जुळत नाही, तर हजारो लोकांच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? मी अकरा वर्षं रोज सकाळी फिरताना दिसलेले पक्षी वहीत लिहितो. त्या वहीचा कुणाला उपयोग आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज तालुका

उत्तर : सर, तुमचा तलाव मी पाहिलेला नाही, पण 340 आणि 500 मधली तफावत माझ्या चांगल्या ओळखीची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर बरेच जानेवारी काढलेत मी. पहाटे गोदावरीवरचं धुकं उठेपर्यंत हात चोळत बसायचं, आणि ऊन आलं की समोर वारकरी, थापट्या, तलवार बदकं अशी सरमिसळ पसरलेली असते की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

आधी बातमीचं बघू. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या 2023 च्या अहवालात 942 जातींचा विचार केला आहे. दीर्घकाळचा कल सांगता येईल इतक्या नोंदी त्यांतल्या 338 जातींच्याच होत्या, आणि या 338 पैकी 60 टक्के जाती उतरणीला लागलेल्या दिसल्या. शंभर पक्ष्यांतले साठ गेले, असा त्याचा अर्थ होत नाही. देशात एकूण कावळे किती, हे तो अहवाल सांगतच नाही. ती जात पूर्वी जितक्या सहज भेटायची तितकी आता भेटते का, एवढंच तो विचारतो.

हे कसं काढतात? समजा, तुमच्या भागात एका वर्षी शंभर जणांनी फेरी मारून दिसलेल्या, ऐकू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी केली. त्यांतल्या 40 याद्यांत चास, म्हणजे नीलपंख, आहे. काही वर्षांनी तशाच शंभर याद्यांत तो 25 मध्येच आहे. (हे आकडे समजावण्यापुरते.) चास किती होते हे आपण मोजलंच नाही, पण तो विरळ होतोय हे कळलं. सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर केला आहे. चास खरोखरच अहवालातल्या काळजीच्या यादीत आहे. उलट मोर आणि कोकीळ वाढलेले दिसतात.

तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण याद्या सारख्या नसतात. दोन तास फिरणाऱ्याला दहा मिनिटं फिरणाऱ्यापेक्षा जास्त पक्षी दिसणारच, म्हणून यादी किती लांब आहे हे हिशेबात धरतात. पुण्यामुंबईकडून याद्यांचा पाऊस पडतो आणि एखाद्या तालुक्यातून वर्षाला दोन येतात, म्हणून नकाशावर चौकोन पाडून गर्दीच्या जागांचं पारडं जड होऊ देत नाहीत. ऋतूही पाहतात. पण ज्या चौकोनात कुणी गेलंच नाही, तिथलं कोणतंही गणित काही सांगू शकत नाही. मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव वाटते. आपण धरणावर जातो, अभयारण्यात जातो. गावाबाहेरच्या उजाड माळावर कोण जातं? आणि चंडोल, खाटीक, धाविक हे पक्षी तर तिथंच राहतात.

प्रत्यक्ष संख्या हवी असेल तर निराळे उपाय आहेत. त्यांतला एक तुम्ही भाच्याबरोबर करून बघाच. माळाचा एक तुकडा ठरवा. दोघांनी बरोबर चालायचं, पण बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. गाणारा चंडोल जिथं असेल तिथं प्रत्येकानं आपापल्या नकाशावर खूण करायची. समजा तुम्हाला 40 मिळाले, भाच्याला 30, आणि त्यांतले 24 दोघांच्याही नकाशावर आहेत. म्हणजे भाच्याच्या 30 पैकी 24 तुम्ही टिपलेत, दर पाचातले चार. तर तुमचे 40 हेही एकूण चंडोलांचे पाचातले चार भाग असणार. एकूण झाले 50. दोघांनाही न दिसलेले चार चंडोल असे कागदावर उमटतात. हे मी पहिल्यांदा करून पाहिलं त्या दिवशी घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नव्हतं. अर्थात एखादा पक्षी गप्पच बसला, तर तो दोघांच्याही हातून निसटतो आणि उत्तर कमी येतं.

आता तुमचे वारकरी. मोठा थवा नजरेला बहुधा असतो त्याहून कमीच वाटतो, त्यामुळे भाच्याचा आकडा खऱ्याच्या जवळ असण्याचा संभव मला जास्त वाटतो. आधी दहा पक्षी नेमके मोजा, ते पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या, मग दहा-दहाचे गठ्ठे करत पुढे सरका. थवा फारच मोठा असेल तर शंभराचे गठ्ठे करा. बुडी मारलेले वारकरी सुटतात, म्हणून थोड्या वेळानं पुन्हा मोजा. एक फोटो काढून घरी त्यावर टिंबं देत मोजा, म्हणजे आपली नजर किती कमी धरते ते समजेल. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत होते. तिचा जीव यातच आहे की तोच तलाव, तेच दिवस, शक्यतो तीच माणसं. तुमची नजर दर वर्षी सारखीच कमी धरत असेल, तरी चढउतार खरा दिसतो. मोजणारा बदलला की घोटाळा होतो.

आणि वही. माझ्या जुन्या वह्यांत चक्रवाक आहेत, क्रौंच आहेत, एकदाच दिसलेल्या पाहुण्या बदकावर अख्खं पान आहे. चिमणी एकदाही नाही. साळुंकी नाही, कावळा नाही. ‘ते काय, रोजचेच’ म्हणून मी लिहिलेच नाहीत. मनोऱ्याच्या वाटेवर तेव्हा चिमण्या होत्या का, हे आज मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते आता मिळणारही नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या अकरा वर्षांच्या वहीत रोजचेही पक्षी असतील, तर सर, ती वही सोन्याची आहे. 2000 पूर्वीची स्थिती समजली ती लोकांनी जपलेल्या अशाच जुन्या टिपणांमुळे.

तारीख, जागा, सुरुवातीची वेळ आणि किती वेळ फिरलात, हे जिथं लिहिलेलं आहे ती पानं आधी काढा. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी भरायच्या संकेतस्थळावर, जुन्या तारखेची यादीही भरता येते. यादीत सगळे ओळखलेले पक्षी असतील तरच ‘पूर्ण यादी’ म्हणा, नसतील तर तसं प्रामाणिकपणे नोंदवा. आकडा आठवत नसेल तर नुसती फुली चालते, अंदाजानं रचू नका. टायपिंग भाच्याला द्या, पण पानं तुम्ही वाचून दाखवा, तुमचं अक्षर त्याला लागणार नाही. आणि येत्या जानेवारीत तलावावर त्याला वेगळी वही द्या.