घरमालक म्हणतात, 'कुत्रा घालवा'

भाड्याच्या घरात कुत्रा किंवा मांजर आणले, घरमालकांनी फोनवर आवाज चढवला आणि तेव्हापासून झोप उडाली, ही तक्रार समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून अलीकडे वारंवार ऐकू येते. त्यांपैकी एकीचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगते.

ती पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर राहत होती. रस्त्यावरचे जखमी पिल्लू घरी आणल्याचे कळताच मालकांनी बजावले, "आठ दिवसांत कुत्रा घालवा, नाहीतर घर सोडा." मग ती पिल्लाला अंधारात जिन्याने खाली नेऊ लागली आणि त्याचे भुंकणे ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठ्याने लावू लागली.

"नेमकी कशाची भीती वाटते?" मी विचारले.

"उद्या सामान रस्त्यावर येईल याची."

"करारात काय लिहिले आहे?"

"वाचला नाही. एजंटनेच सगळे केले."

माणसाला प्रसंगापेक्षा त्याने त्या प्रसंगाला लावलेला अर्थ अधिक छळतो, असे मी मानते. म्हणून तिला धीर देत न बसता मी पुढच्या भेटीत तिला करार मोठ्याने वाचायला लावला. शेजाऱ्यांना उपद्रव नको, भिंतीला खिळे नकोत, घर सोडण्या-सोडवण्यासाठी एक महिन्याची नोटीस. ती थांबली, पान उलटून पुन्हा वाचू लागली. "मॅडम, यात प्राण्यांबद्दल एक अक्षर नाही. मग मी चोरासारखी का वागत होते?" हा प्रश्न तिचा तिलाच पडावा, यासाठी मी तोवर गप्प राहिले होते. वेळेवर भाडे भरूनही ती स्वतःला त्या घरातली पाहुणी समजत होती, आणि पाहुण्याला हक्क नसतात, उपकार असतात.

हक्कांनाही मर्यादा आहेत, हे मी तिला लगेच सांगितले. सोसायटी आणि मालक यांचे आक्षेप निराळे असतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. मालक मात्र करारात तशी अट घालू शकतो, आणि अट असेल तर ती पाळावी लागते. अट नसली तरी करारानुसार नोटीस देण्याचा किंवा मुदतीनंतर नूतनीकरण नाकारण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. मुदत उलटल्यावर हट्टाने राहिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४नुसार ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ने मालकावर टाकली आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आणि घाबरून प्राण्याला रस्त्यावर सोडणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

तिने मालकांना पत्र लिहिले: रेबीजची लस दिली आहे, महापालिकेचा परवाना काढते आहे, नुकसान झाल्यास अनामत रकमेतून वळते करावे. मालकांनी मुदत संपेपर्यंत राहू दिले, पुढे करार वाढवला नाही. नवे घर शोधताना ती टोकन देण्याआधीच कुत्र्याचे सांगू लागली. काही घरे हातची गेली. मिळाले ते ऑफिसपासून लांब आहे, पण तिथल्या करारात कुत्र्याचा उल्लेख आहे.