भांडणानंतर आई-वडील दोन-दोन दिवस अबोला धरतात; मुलाच्या पुढच्या आयुष्यावर याचा परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि भांडणाइतकाच अबोलाही नडतो. तासगावकडे द्राक्षबागेच्या कर्जावरून घरात वाद होतात, मुलगा सात वर्षांचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. या वयाचं मूल ताणाचं कारण स्वतःतच शोधतं: 'माझ्यामुळेच झालं असेल.' मग ते चेहरे वाचायला शिकतं. ताट जोरात ठेवलं की गप्प. हीच सवय तिशीत वेगळ्या रूपात दिसू शकते. जोडीदार जरा शांत बसला तरी धडधड, साहेबांना 'नाही' म्हणता न येणं, स्वतःचं कर्ज घरापासून लपवणं.

१९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बालपणी मारहाण, घरातली हिंसा, व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, दारूचं व्यसन आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. पण म्हणून प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही.

भांडण मुलासमोर झालं असेल, तर ते मिटलेलंही त्याला दिसू द्या. बहुतेक घरांत इथेच चुकतं: भांडण सोप्यात, समेट बंद खोलीत. त्याच रात्री, झोपण्याआधी एवढं सांगा: 'बागेच्या पैशावरून आम्ही चिडलो होतो. तुझी काही चूक नव्हती. हप्त्याचं काय करायचं ते आम्ही बघतोय.' खोटं 'काही झालं नाही' म्हणू नका, त्याला कळलेलं असतं. आणि 'तुझ्या पप्पांना सांग जेवायला' असा निरोप्या त्याला कधीच करू नका. यात सगळ्यात जास्त भरडलं जातं ते मूलच.

मुलाला मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.