बुद्धिबळात सुधारणा होतेय, तरी आपल्याला काहीच येत नाही असं का वाटतं?

कारण आधी चुका दिसतच नव्हत्या. तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांत कोडी पटापट सुटायला लागली, पण डाव हरलात की पूर्वीपेक्षा जास्त अडाणी वाटतं. माझंही तेच झालं, फक्त मला वीस वर्षं लागली.

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीत स्पर्धा असायच्या. बुद्धिबळात सलग तीन वर्षं पहिला नंबर माझा, बक्षीस स्टीलचा डबा. (एक अजून आहे, त्यात पोहे ठेवतो.) समोरच्याचा वजीर खाल्ला की झालं, एवढंच माझं ज्ञान. चाळीत तेवढं पुरायचं.

पस्तिशीत पहिल्यांदा रेटिंगच्या (म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मोजणाऱ्या) स्पर्धेत उतरलो. समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून खुर्चीतच मांडी घालून बसलेली. शेवटी माझ्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं, तिच्याकडे राजा आणि हत्ती. एक प्यादं जास्त, म्हणजे डाव आपलाच, म्हणून मी मनातल्या मनात घरी फोनसुद्धा करून टाकला होता. तिचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा होता. तिने हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत आणला आणि तिथेच इकडून तिकडे फिरवत बसली. माझ्या राजाला त्या ओळीत पाऊल टाकता येईना. वैतागून मी प्यादं ढकललं, तसा तिचा हत्ती थेट माझ्या बाजूच्या पहिल्या ओळीत गेला आणि मागून शह, परत शह, परत शह. प्यादं पुढे सरकल्यावर माझ्या राजाला लपायला आडोसाच राहिला नव्हता. बरोबरी. सही करताना म्हणाली, "काका, हे फिलिडोर आहे. क्लासमध्ये शिकवतात."

फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार, ऑपेरा लिहायचा आणि बुद्धिबळही जोरात खेळायचा; हा बचाव त्याच्याच नावाचा. पटावर अवघे पाच मोहरे असताना माझी ही गत! संगणकांनीसुद्धा आजवर सात मोहऱ्यांपर्यंतचेच शेवट पूर्ण सोडवलेत, आणि डाव सुरू होतो 32 मोहऱ्यांनी.

रेटिंगचं गणितही बघा. दोघांत 400 गुणांचं अंतर असेल, तर 11 डावांत खालच्याच्या वाट्याला साधारण 1 गुण येतो (डाव जिंकला की 1, बरोबरीला अर्धा). मी 1500 च्या आसपास. म्हणजे 1900 वाला मला धुणार, 2300 वाला त्याला, 2700 वाला त्यालाही. आणि 2014 मध्ये तेव्हाचा जगज्जेता कार्लसन 2882 वर होता. चाळीत असताना हा जिना आहे हेच मला माहीत नव्हतं, तेव्हा आपण तळमजल्यावर आहोत हे कळणार कसं?

तेव्हा अडाणी वाटतंय म्हणून कोडी सोडू नका. फक्त हरलेला डाव लगेच इंजिनाला, म्हणजे चुका दाखवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमला, दाखवू नका. आधी कुठे घसरलात ते स्वतः वहीत लिहा. मी लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत हेच करतो, बसायला मिळालं तर.

गेल्या महिन्यात एका डावात एक प्यादं कमी पडलं आणि हात आपसूक हत्ती तिसऱ्या ओळीत ठेवून मोकळा झाला. डाव बरोबरीत सुटला. छाती फुगवून घरी आलो, रात्री डाव इंजिनाला दाखवला. हत्ती तिथे ठेवण्याच्या नऊ चाली आधी मला दोन चालींत मात करता येत होती.