दोन जड बॅगा

प्रिय मित्रा,

‘डेथ ऑफ अ सेल्समन’ नाटकातला फिरता विक्रेता विली तुझ्या वाट्याला आला आणि तू आरशासमोर म्हातारा व्हायला लागलास, असं पत्रावरून दिसतंय. केसांना पांढरी पावडर, कापरा आवाज, वाकलेली पाठ. सोड ते. विली ६३ वर्षांचा आहे खरा, पण १९४९ साली न्यूयॉर्कला ली जे. कॉबने तो पहिल्यांदा उभा केला, तेव्हा तो स्वतः ३७ वर्षांचा होता. वय नको, थकवा शोध. नाटककार आर्थर मिलरने पहिल्याच एन्ट्रीला तो हातात देऊन ठेवलाय: दोन जड बॅगा. खाली ठेवल्यावर विलीचे तळवे दुखतात. त्यांत माल कसला, हे मात्र नाटकभर कळत नाही.

मालक हॉवर्डच्या प्रवेशात तू रडतोस म्हणे. अरे, ती घासाघीस आहे! जन्मभर विकत आलेला माणूस मालकाला शेवटचा माल विकतोय, स्वतःला. पगार मागतो आठवड्याला ६५ डॉलर, मग ५०, मग ४०. प्रत्येक आकडा असा टाक, की यावर सौदा पटणारच. हॉवर्ड नव्या रेकॉर्डरवर पोराची राजधान्यांची घोकंपट्टी ऐकवतोय, आणि नोकरीचं बोलायला आलेल्या विलीला ती ऐकून घ्यावी लागते. तेव्हा चेहऱ्यावर कौतुक हवं. तू रडलास की प्रेक्षकांच्या वाटचं रडणं तूच उरकलंस. (ही खोड माझीही. टाळ्या पडायच्या, त्यामुळे बरीच वर्षं कळलंच नाही.)

बायको लिंडा फाटके स्टॉकिंग्ज शिवताना दिसली की विली भडकतो. तो राग तिच्यावरचा नाही. बोस्टनच्या हॉटेलात नवे स्टॉकिंग्ज त्याने दुसऱ्याच बाईला दिलेत.

आणि मुलाशी, बिफशी, ते शेवटचं भांडण. पोरगा सांगतोय, आपण साधी माणसं आहोत, ते खोटं स्वप्न जाळून टाका. आणि बापाला धरून हमसून रडतो. विलीला त्यातलं एवढंच ऐकू येतं की पोराला आपण आवडतो. लगेच हिशेब सुरू: आपण मेलो आणि विम्याचे २०,००० डॉलर याच्या हातात आले तर हा केवढा मोठा होईल! इथे पडेल चेहरा करू नकोस. विली मरायला घरातून हरखून बाहेर पडतो.

गुरुवारच्या तालमीला मी येतोय. बॅगा रिकाम्या आणू नकोस, विटा भर.

तुझा,
काका